शिल्लक

आमच्या राहात्यात पेरूची पाटी घरी आणणारा माणूस शहाणा समजतात, पुस्तकांची पेटी आणणारा नव्हे. वडील गेल्यावर माझ्या वाट्याला पेटी आली. सौ. म्हणाली, "ही ठेवायची कुठे? तांदळाच्या डब्यावर?"

तोडगा चिरंजीवांनी काढला. ते पुण्याला शिकतात. "बाबा, पुस्तकं स्कॅन करून देणारे लोक आहेत. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयानंसुद्धा दुर्मीळ पुस्तकं डिजिटल केली. अख्खी पेटी मोबाइलात मावेल."

मला धास्ती कॉपीराइटची. पण कायद्यानं तो लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं, आणि हरिभाऊ आपटे गेले १९१९ साली. म्हणजे ठेवीची मुदत केव्हाच संपलेली! वडिलांचं 'पण लक्षात कोण घेतो?' नमुन्यादाखल पाठवून दिलं.

आठवड्यानं फाइल आली. पानं धुतल्यासारखी पांढरी. चहाचे डाग गेले होते. आणि डागांबरोबर वडीलही गेले होते! समासात त्यांनी पेन्सिलीनं दुधाचा हिशेब लिहिला होता. आजीला वाचून दाखवताना एका पानावर टिपलं होतं, 'इथे आई उठून आत गेली.' तेही गायब.

फोन केला. "साहेब, काळंपांढरं स्कॅन केलं की मशीन फिकट पेन्सिल पुसून टाकतं. करड्या छटेत हवं, तर अर्जात रकाना होता." दिवसभर लोकांना 'रकाने नीट भरा' म्हणून ओरडणाऱ्या मी तो कोरा सोडला होता.

"आणि मूळ पुस्तक?"

"कणा कापूनच स्कॅन करतो. सुटी पानं भराभर जातात. मग रद्दीत. रद्दीवाला शनिवारी येतो."

तो शुक्रवार होता. रजेच्या अर्जात कारण लिहिलं, 'वडिलांची प्रकृती.' वडील गेल्याचं साहेबांना ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं सही केली. दुपारची एस.टी. गाठली.

पानं मिळाली. रात्री घरी येऊन, ज्या हातानं बँकेत व्हाउचरं शिवली त्याच हातानं दाभणानं ती शिवली. फाइलही ठेवली आहे. अक्षर मोठं करता येतं, चाळिशीनंतर तेवढाच आधार.

पुस्तक तांदळाच्या डब्यावर असतं. परवा सहज चाळलं, तर वडिलांच्या हिशेबाखाली या महिन्याच्या दुधाचा हिशेब! पेन्सिलीनंच. अक्षर सौ.चं.