टबातलं हवामान

गाय आजारी म्हणून बोलावणं आलं की मी पहिल्यांदा थर्मामीटर काढतो. निरोगी गाईचं तापमान 101.5 अंश फॅरनहाइटच्या आसपास असतं. वैशाखातलं ऊन असो की पौषातली थंडी, तिचं शरीर तो आकडा धरून असतं आणि आकडा हलला की आजाराचा माग लागतो. कासवाच्या पिल्लाला मात्र मी थर्मामीटर लावत नाही, त्याच्या टबातल्या पाण्यात बुडवतो. पाणी 19 अंश सेल्सिअस असेल तर पिल्लूही जवळपास 19 अंशांवरच असतं. एवढ्या गारव्यात त्याच्या पोटातलं अन्न पचत नाही, औषध दिलं तरी ते अंगात धड फिरत नाही. पशुवैद्यकाचा हात आधी जनावरावर जातो, तशी सवयच लागलेली असते. कासवाच्या बाबतीत तो आधी जनावराच्या जागेवर जावा लागतो. या प्राण्याला आपली ऊब स्वतः तयार करता येत नाही. ती त्याला बाहेरून मिळवावी लागते. म्हणून कासव पाळणाऱ्यानं खरं तर एक छोटंसं हवामान पाळायचं असतं.

चांदूर बाजारसारख्या तालुक्याच्या गावात माझं रोजचं काम गाई-म्हशींचं, बैलांचं, बकऱ्यांचं. संत्र्याच्या आणि कपाशीच्या या पट्ट्यात हौसेनं कासव पाळणारं घर पूर्वी विरळाच. आता माशांच्या काचपेटीबरोबर शहरातून एक हिरवंगार पिल्लूही घरी येतं, जेमतेम तीन सेंटिमीटरचं. कुणी मुलाच्या वाढदिवसाला आणतं, कुणी घरात लक्ष्मी टिकावी म्हणून. देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, त्याचं कुणाला काही करावं लागत नाही. जिवंत कासवाचंही तसंच असेल, असा अनेकांचा समज असतो. मग हिवाळा लागला की प्लॅस्टिकच्या डब्यातून ते माझ्या टेबलावर येतं.

“डॉक्टरसाहेब, चार दिवस झाले, काही खाऊनच नाही राह्यलं. डोळेबी उघडत नाही.”

“ठेवता कुठं?”

“न्हाणीपाशी. पाण्यातला जीव हाय न थो, त्याले गारच पाह्यजे न.”

इथंच सगळं बिनसतं. दुकानातून येतं ते बहुतेक वेळा लाल पट्ट्याचं स्लायडर कासव असतं. डोळ्यामागे लाल पट्टा दिसला की ओळख पटते. मूळचं हे अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. ते पाण्यात राहतं हे खरं, पण तासन्‌तास ओंडक्यावर चढून ऊन खातं आणि अंग पूर्ण कोरडं करतं. पिल्लाला पाणी 26 ते 28 अंशांचं लागतं आणि शेकायला एक कोरडी जागा, तिथं 32 ते 35 अंश. अशा दोन जागा दिल्या की कुठं किती वेळ बसायचं ते पिल्लू स्वतः ठरवतं. टबात एक सपाट दगड किंवा वीट आणि वर साधा पिवळा बल्ब, एवढ्यातही हे जमतं. बल्ब पाण्यात पडणार नाही असा घट्ट बांधलेला हवा.

वऱ्हाडात अडचण दोन्ही टोकांची. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास, आणि पौषातल्या काही रात्री तो 10 च्याही खाली. हिवाळ्यात काचपेटीचा छोटा हीटर लागतो, आणि वीज गेली तर टब गोणपाटानं झाकून ठेवावा लागतो. उन्हाळ्यात उलटं. थंडीत मरण हळूहळू येतं, उन्हाळ्यात तासाभरात. गच्चीवर, टिनाच्या शेडखाली ठेवलेल्या उथळ टबातलं पाणी बघता बघता तापतं आणि पिल्लाला पळायला जागा नसते. आपल्या नदी-तळ्यातलं मऊ पाठीचं कासव अशा वेळी चिखलात खोल शिरून पावसाची वाट पाहतं. टबाला चिखल नसतो. म्हणून उन्हात ठेवलेल्या टबाचा निम्मा भाग सावलीतच हवा, आणि घरातल्या माणसानं तिथून हलता कामा नये.

तरीही ऊन चुकवता येत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे कासवाच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याच्या जोरावर खाल्लेलं कॅल्शियम हाडांत आणि पाठीच्या कवचात बसतं. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन दिसायला तेवढंच लख्ख, पण ते किरण काच अडवून धरते. काचेमागे रोज उन्हात बसलेल्या पिल्लाचं कवच बोटाखाली दबतं तेव्हा मालकाला नवल वाटतं, मला वाटत नाही. कोवळं ऊन थेट अंगावर पडलं पाहिजे. ते शक्य नसेल त्यानं अतिनील किरणांचा खास दिवा आणावा. तो वर्षभरानंतर प्रकाश देत राहतो, पण उपयोगी किरण देईनासा होतो, म्हणून वेळच्या वेळी बदलावा लागतो.

खाण्याच्या बाबतीत दुकानदार सुक्या झिंग्यांची डबी हातात देतो, आणि पिल्लू ते आवडीनं खातं. नुसत्या झिंग्यांवर वाढलेल्या पिल्लाला अ जीवनसत्त्व कमी पडतं. पापण्या सुजतात आणि डोळे मिटतात. दिसेनासं झालं की ते खाणं सोडतं. दवाखान्यात आलेलं ‘चार दिवस न खाणारं’ पिल्लू अनेकदा याच वाटेनं आलेलं असतं. कासवासाठीच बनवलेले दाणे हा रोजचा पाया धरावा. त्याच्या जोडीला अधूनमधून गांडूळ, गाजराचा किंवा लाल भोपळ्याचा बारीक कीस, शेवग्याचा कोवळा पाला. पालक टाळावा, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून टाकतं. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, त्याचा एक तुकडा टबात टाकून ठेवला की लागेल तसं कॅल्शियम पिल्लू स्वतः कुरतडून घेतं. पोळी, भात, बिस्किट, दूध यातलं काही नको. एका वेळचं खाणं त्याच्या डोक्याएवढं, त्याहून जास्त नाही. हे कासव पाण्यातच गिळू शकतं, त्यामुळे कोरड्यावर ठेवलेला घास तसाच पडून राहिला तर ती त्याची खोड नव्हे.

पाणी किमान इतकं खोल असावं की उलटं पडलेलं पिल्लू अंग फिरवून पुन्हा सरळ होईल. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवावं, म्हणजे क्लोरीन उडून जातो. पिल्लू खातं तिथंच घाण करतं. वास यायच्या आत पाणी बदललं पाहिजे. जुनं पाणी मोरीत किंवा झाडाला, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये कधीच नाही. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. कासव स्वतः ठणठणीत दिसतं, पण त्याला हाताळून तोच हात तोंडात घालणाऱ्या लहान मुलाला जुलाब-तापानं आडवं करतं. याच कारणानं अमेरिकेनं 1975 मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आणली. आपल्याकडे मात्र मुलाच्या हातावर ठेवलं जातं ते सगळ्यात लहान पिल्लूच. पाच वर्षांखालच्या मुलांना दुरून दाखवावं आणि बाकीच्यांनी हात साबणानं धुवावे.

आजार ओळखायला डॉक्टरच लागतो असं नाही. सोनाराकडे असतो तसा ग्रॅमचा काटा घ्यावा, आठवड्यातून एकदा वजन करून वहीत लिहावं. वाढत्या पिल्लाचं वजन घटलं की काहीतरी चुकतंय. पोहताना एका बाजूला कलतंय, नाकातून बुडबुडे येतात, तोंड उघडून श्वास घेतंय, ही फुप्फुसाच्या आजाराची लक्षणं. अशा वेळी थांबू नये, आणि तोवर पाणी थोडं कोमट राखावं.

आमच्या व्यवसायातल्यांसाठीही एक सूचना. गोठ्यातल्या जंतांवर, गोचिडांवर आयव्हरमेक्टिन हे आपलं हातातलं औषध. कासवाला ते चालत नाही. त्यानं लकवा येऊन कासव मरतं. इंजेक्शन शक्यतो शरीराच्या पुढच्या भागात द्यावं, कारण मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडातून जाऊ शकतं. डोळे सुजलेत म्हणून अ जीवनसत्त्वाचा मोठा डोस टोचला तर कातडी सोलून निघते. आपल्याला जमत नसेल तर अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेचा रस्ता दाखवावा. गाईचं गणित कासवाला लावू नये.

हे सगळं झालं स्लायडरचं. डब्यातून दुसरं कासव निघालं तर माझं उत्तर वेगळं असतं. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं जमिनीवरचं कासव किंवा आपल्या नदीतलं कुठलंही कासव घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. चांदणी कासवांची चोरटी विक्री इतकी वाढली की 2019 मध्ये त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापारच पूर्ण बंद करावा लागला. अशा पिल्लाची निगा कशी राखायची हे मी घरच्यांना शिकवत नाही. वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करायला सांगतो. पावसाळ्यात रस्त्यावर, धुऱ्यावर कासव सापडलं तर ते वाट चुकलेलं नसतं. जिथं आहे तिथल्याच पाण्याकडे जाऊ द्यावं.

‘वीस नखांचं’ कासव विचारत येणारेही असतात. त्यानं गुप्तधन दिसतं, पैशांचा पाऊस पडतो म्हणे. स्लायडरला किंवा चांदणी कासवाला पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार अशी अठरा नखं असतात. नदीतल्या मऊ पाठीच्या कासवाला पायाला तीन, म्हणजे बारा. विसाव्या नखाच्या शोधात कासवं पकडली जातात, विकली जातात, आणि धन सापडतं ते फक्त विकणाऱ्याला.

विकत घेताना एक हिशेब कुणी मांडत नाही, वयाचा. नीट सांभाळलेलं स्लायडर वीस-तीस वर्षं सहज जगतं आणि मादी 25 सेंटिमीटरच्या पुढे वाढते. पाचवीतल्या मुलासाठी आणलेलं कासव तो मुलगा नोकरीला लागल्यावरही घरात असतं, आणि तेव्हा त्याला टब पुरत नाही, हौद लागतो. म्हणून घ्यायचं म्हणणाऱ्याला मी सांगतो, आधी महिनाभर नुसता टब ठेवा. पाणी बदला, सकाळ-संध्याकाळ त्याचं तापमान लिहा, बल्ब लावा आणि काढा. रिकाम्या टबाचं ज्याला महिनाभर करवत नाही, त्याला भरलेल्या टबाचं करवणार नाही.

आणि कंटाळा आला म्हणून कासव नदीत सोडणं हे पुण्य नाही. सातपुड्यातून उतरणारी पूर्णा असो की विश्रोळीच्या धरणाचं पाणी, तिथं आपली कासवं आधीपासून राहतात. बाहेरून आलेलं स्लायडर त्यांचं खाणं आणि ऊन खायची जागा हिरावतं, आजारही नेतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे, आणि युरोपीय संघानं 1997 मध्येच त्याची आयात थांबवली. सांभाळणं जमत नसेल तर सांभाळू शकेल असं घर शोधा, प्राणी वाचवणाऱ्या एखाद्या संस्थेला विचारा, पशुवैद्यकाला विचारा. तसं घर मिळेपर्यंत त्याची जबाबदारी तुमचीच आहे, आणि ही जबाबदारी नको असेल त्यानं दुकानातल्या काचेपुढे थांबूच नये.