सहीसाठी आलेली माणसं

सर्जननं सांगितलेलं असतं, 'मॅडमची सही आणा, मग तारीख देतो.' त्यामुळे वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेआधी मानसशास्त्रज्ञ म्हणून माझ्याकडे येणारा पेशंट परीक्षेलाच बसल्यासारखा बसतो. उत्तरं पाठ: गोड सोडलंय, दारू कधीच नाही, घरच्यांचा पाठिंबा आहे.

म्हणून सगळी मदार प्रश्न कसा विचारायचा यावर. 'रात्री उठून खाता का?' म्हटलं की 'छे!' येतं. 'रात्री जाग आली की काय हाताशी असतं?' म्हटलं की जरा थांबून साय-साखर आणि फरसाणचा डबा बाहेर येतो. एका काकूंनी तर अख्खं स्वयंपाकघर उभं केलं. सगळे जेवून उठले की ओट्यापाशी उभ्यानं पोरांच्या ताटातलं उरलेलं, मग पातेल्याच्या तळचा भात. 'टाकवत नाही हो.' त्यांच्या लेखी ते जेवणच नव्हतं, त्यामुळे आहारतज्ज्ञांच्या वहीत ते कधी उतरलंच नाही.

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा जवळपास तीन-चतुर्थांश भाग काढतात, भूक चाळवणारं घ्रेलिनही घटतं. पण रिकाम्या घरात संध्याकाळी सुटणारी खा-खा जठरातून येत नसते. दारूचं मी नवऱ्याला बायकोसमोर विचारत नाही. गॅस्ट्रिक बायपासनंतर ती झटकन चढते, आणि व्यसनाचा धोका बहुधा दुसऱ्या वर्षापासून, सगळे निर्धास्त झाल्यावर, डोकं वर काढतो. मनोविकारावरचं लिथियम चालू असेल तर शस्त्रक्रियेनंतर त्याची रक्तातली पातळी वाढू शकते, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांना मी आधीच फोन करते.

नैराश्य आहे म्हणून कुणाला परत पाठवणं मला पटत नाही. गुडघे गेलेले, मधुमेह जडलेला, वर नातेवाइकांचे टोमणे. एवढं सोसून कोण हसत येईल? 2022 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेची बीएमआय मर्यादा 27.5 वर आणली, ते बरंच झालं. आत्महत्येचे विचार किंवा सुटत नसलेलं व्यसन असेल तर मात्र तारीख पुढे ढकला, असं मी स्पष्ट लिहिते. सर्जन कुरकुरतात. कुरकुरू देत.

शेवटी सोबतच्या माणसाला आत बोलावते. बायपासवाल्याला एका जिलबीनंही घाम फुटून धडधडू शकतं; पंगतीतला आग्रह कोण थोपवणार, हे त्यांच्याच तोंडून वदवून घेते. परवा एक सासूबाई म्हणाल्या, 'घरात वाढते मीच, मला सांगा किती वाढायचं.' सुनेआधी त्यांनाच आहारतज्ज्ञांकडे पाठवलं.