कुंभारगावचे कुरव

लोधीखेड्याला आम्ही बगळे, टिटव्या, पाणकावळे पाहतच वाढलो. कुरव मात्र मी पहिल्यांदा पाहिला तो समुद्रावर नाही, तर भिगवणजवळ कुंभारगावला, उजनी धरणाच्या फुगवट्यावर. यंदा जानेवारीत बाबांना मुद्दाम घेऊन गेलो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना लांबचं कितपत दिसतं, हे खरं तर मला पाहायचं होतं.

सकाळी सातला नाव निघाली. भोवती नुसते कुरव! हिवाळ्यात यांची डोकी पांढरी होतात, कानामागे एक काळसर ठिपका तेवढा उरतो. म्हणजे तपकिरी डोक्याचा कोणता आणि काळ्या डोक्याचा कोणता, हे डोक्यावरून कळत नाही (नावं उन्हाळ्यात ठेवली असावीत). पंख बघायचे. लडाखकडे वीण करणाऱ्या तपकिरीच्या काळ्या पंखटोकात पांढरे डाग असतात, शिवाय पूर्ण वाढलेल्याचा डोळा फिकट. दुसऱ्याच्या पंखाची पुढची कड पांढरी, डोळा काळा.

मग एक निराळाच दिसला. ठिपका नाही, कपाळ उतरतं, चोच लांब. पातळ चोचीचा कुरव! हा मुख्यतः किनाऱ्यावरचा, इतक्या आत क्वचितच. मी घाईने मोबाईलवर नोंद करायला घेतली.

"थांब ना बे," बाबा दुर्बिणीतून पाहत म्हणाले, "ठिपका आहे त्याले. फिका आहे."

फोटो मोठा करून पाहिला. होता.

मी नोंद खोडली. दुर्बीण दिवसभर परत मागितली नाही.