एका पर्वताचे विशेषण

सन २०१८ च्या फेब्रुवारीतील गोष्ट. दक्षिण कोरियातील प्योंगचांग येथे भरलेल्या हिवाळी ऑलिंपिक सामन्यांचा उद्घाटनसमारंभ आम्ही उभयता घरी बसून पाहत होतो. देशोदेशींची पथके आपापले ध्वज मिरवीत चालली होती. त्यांत बोलिव्हियाचे नाव पुकारले गेले. या देशाने अवघे दोन खेळाडू पाठविले होते. त्यांतला सिमोन ब्राइटफुस कामरलांडर हा ऑस्ट्रियात जन्मलेला, तर टिमो ग्रोनलुंड हा फिनलंडमध्ये. हे वर्तमानपत्रात वाचलेले मला आठवले आणि हसू आले. "उसनी पगडी घालून वरातीत निघालेत," मी म्हणालो. आमच्या कुटुंबाने विणकामावरची नजर न काढता विचारले, "अहो, पण आपले किती गेले आहेत?"

आपलेही दोनच होते. शिवा केशवन आणि जगदीश सिंग. हिमालय उशाशी घेऊन निजणाऱ्या देशाचे दोन!

हसणे आवरले, पण मन स्वस्थ बसेना. प्राध्यापकाची खोड अशी की लाजला की तो पुस्तके उघडतो. शोधू लागलो तेव्हा कळले की बोलिव्हिया या सामन्यांत प्रथम १९५६ साली, इटलीतील कोर्तिना येथे उतरला. त्या वर्षी रेने फारविग हा एकटाच खेळाडू गेला होता. पुढे १९८०, ८४, ८८ आणि ९२ असे लागोपाठ चार वेळा हा देश हजर होता. मग एकदम २०१८. पदक एकही नाही. हिवाळी राहोच, उन्हाळी ऑलिंपिकातही २०२४ पर्यंत या देशाच्या पदरी एकही पदक पडलेले नाही. अशा इतिहासात वाचण्यासारखे ते काय, असे म्हणून मी पुस्तक मिटणार होतो, इतक्यात पानावर एक ओळखीचे नाव दिसले: चाकाल्ताया.

माझा विषय पदार्थविज्ञान. विश्वकिरणांचा धडा शिकवू लागलो की हे नाव येतेच. १९४७ साली सेझार लातेस हा ब्राझीलचा तरुण शास्त्रज्ञ विशिष्ट लेपाच्या काचा घेऊन या पर्वतावर चढला आणि त्या काचांवर उमटलेल्या रेषांतून पाय-मेसॉन या कणाचा पुरावा पक्का झाला. त्याच्या गटाचे प्रमुख पॉवेल यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे सारे मी पंचवीस वर्षे वर्गात सांगत आलो. पर्वताची उंची सांगितली, हवेचा दाब सांगितला, काचांची रीत सांगितली. त्या उतारावर माणसे खेळत होती, हे मात्र मला ठाऊक नव्हते.

चाकाल्तायाची उंची सुमारे ५,४०० मीटर. ला पाझ शहरापासून तो फार दूर नाही. १९३९ साली तेथील गिर्यारोहक मंडळाने त्याच्या हिमनदीवर स्कीइंगची सोय केली आणि एका मोटारीचे इंजिन बसवून त्यावर एक फिरता दोर ओढला. दक्षिण अमेरिकेतील या जातीचा तो पहिला दोर. खेळाडूने तो धरायचा आणि वर खेचले जायचे. तो फार वेगाने पळे, त्यामुळे नवख्याची त्रेधा उडे. आणि वर पोहोचून श्वास घ्यावा, तर हवा समुद्रकाठच्या निम्मी! चहाचे पाणी तेथे ८२ अंशांच्या आसपासच उकळू लागते. त्याहून मौज अशी की या हिवाळी खेळाचा हंगाम त्यांच्या उन्हाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च. तेथला हिवाळा कोरडा आणि कडक. नवे हिम पडते ते पावसाळ्यात, आणि पावसाळा येतो उन्हाळ्याबरोबर. जगातील सर्वांत उंच स्कीइंगचे मैदान म्हणून त्याची ख्याती होती. ला पाझच्या माणसाने रविवारी सकाळी मोटारीत बसावे, बर्फावर दोन घसरगुंड्या घ्याव्यात आणि दिवे लागणीला घरी यावे. उसनी पगडी म्हणून मी हसलो होतो; ती पगडी घरचीच होती.

होती. कारण ती हिमनदी आता नाही. युरोपातील हिमनदी हिवाळ्यात साठविते आणि उन्हाळ्यात खर्चिते; या उष्ण कटिबंधातील हिमनदीला मात्र जमा आणि खर्च एकाच ऋतूत सांभाळावे लागतात. एखाद्या वर्षी हिम उशिरा आले की खालचे मळकट बर्फ उघडे पडते, ते ऊन अधिक शोषते, कडेचा काळा खडक तापतो आणि उरलेल्याला कडेकडेने खात जातो. एल निनोच्या वर्षी हिम कमी आणि उष्मा जास्त. त्यात साऱ्या पृथ्वीचेच तापमान चढलेले. लहान हिमनदी हा मार सोसू शकत नाही. तेथील तज्ज्ञांचा अंदाज होता की ती २०१५ पर्यंत टिकेल. ती २००९ सालीच संपली. सुमारे अठरा हजार वर्षे जुनी होती म्हणतात. मंडळाची इमारत मागे राहिली.

बोलिव्हियाला असे गमावणे नवे नाही. १८७९ मध्ये सुरू झालेल्या युद्धात चिलीने त्याचा समुद्रकिनारा घेतला. तरी त्याने आरमार मोडले नाही. ते तितिकाका सरोवरावर कवायत करते, आणि २३ मार्चला देशभर समुद्राचा दिवस पाळला जातो. २०१८ च्या ऑक्टोबरात हेगच्या न्यायालयाने समुद्राबाबतचा त्याचा दावा फेटाळला. म्हणजे ज्या वर्षी त्याचे दोन खेळाडू बर्फावर उतरले, त्याच वर्षी. चिलीचीही बाजू असेल; मी काही न्यायाधीश नव्हे. पण ज्या राष्ट्राने समुद्रावाचून नाविक बाळगले, त्याने चाकाल्तायावाचून दोन स्कीपटू पाठविले, तर मला आता हसू येत नाही.

जूनमध्ये महाविद्यालय उघडले आणि यथाकाल विश्वकिरणांचा धडा आला. माझी टाचणवही जुनी, पाने पिवळी पडलेली. तीत माझ्याच अक्षरात लिहिले होते: 'चाकाल्ताया हे हिमनदीने मढलेले शिखर'. म्हणजे हिमनदी गेल्यावरही नऊ वर्षे मी मुलांना ती आहे म्हणून सांगत होतो, आणि मुले ते उतरून घेत होती. शब्द खोडावा म्हणून लेखणी उचलली. पण लातेस चढला तेव्हा ती हिमनदी होतीच की! शेवटी समासात बारीक अक्षरात '२००९ पर्यंत' एवढे लिहिले आणि वर्गावर गेलो.