हॉलिवुडची दफनभूमि

प्रवासास निघालेला मनुष्य सहसा स्मशानाची वाट धरीत नाहीं. राजवाडे, देवालयें, बागा, पदार्थसंग्रहालयें हीं पाहण्याचीं स्थळें. मृतांचा निवास हें कांहीं पाहण्याचें स्थळ नव्हे, अशी आपली समजूत. परंतु अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरीं एक दफनभूमि अशी आहे कीं, तिच्या फाटकांतून आंत येणाऱ्या पुष्कळांचा तेथें पुरलेल्यांशीं ना रक्ताचा संबंध असतो, ना ओळखीचा. पडद्यावर पाहिलेल्या माणसांना भेटावयास म्हणून ते येतात.

सांता मोनिका बूलेव्हार्ड या हमरस्त्यावर १८९९ सालीं ही भूमि स्थापन झाली. तिच्या दक्षिणेच्या भिंतीस पॅरामाउंट कंपनीचा स्टुडिओ लागून आहे. भिंतीच्या एका अंगास चित्रपट तयार होतात आणि दुसऱ्या अंगास ते करणारे कायमची विश्रांति घेतात. आंत शिरतांच उंच ताडांच्या रांगा, हिरवळ, एक तळें आणि मोकळे हिंडणारे मोर दृष्टीस पडतात. डग्लस फेअरबँक्स याच्या समाधीपुढें राजाच्या उद्यानास शोभेल असा लांबच लांब जलाशय आहे. उलट मेल ब्लँक या व्यंगपटांतील प्राण्यांना आवाज देणाऱ्या कलावंताचा दगड अगदीं साधा. त्यावर त्या व्यंगपटांच्या शेवटीं येणारें निरोपाचें वाक्यच कोरलेलें आहे. तें वाचून लोक हसतात, आणि हसतां हसतां गप्प होतात.

या भूमीची कीर्ति प्रथम वाढविली ती रुडॉल्फ व्हॅलेंटिनो या मूकपटाच्या नटानें. दक्षिण इटलींतील एका लहान गांवीं १८९५ सालीं जन्मलेला हा तरुण १९१३ मध्यें अमेरिकेस आला आणि १९२१ सालच्या ‘द शीक’ वगैरे चित्रपटांनीं स्त्रीवर्गाच्या गळ्यांतील ताईत होऊन बसला. २३ ऑगस्ट १९२६ रोजीं, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षीं, न्यू यॉर्क येथें त्याचा अंत झाला. अंत्यदर्शनासाठीं सुमारें एक लाख माणसें रस्त्यांत लोटलीं. रेटारेटींत खिडक्यांच्या काचा फुटल्या. पुढें प्रेत आगगाडीनें कॅलिफोर्नियास आणलें. परंतु एवढ्या लोकप्रिय नटाला पुरण्यास स्वतःची अशी जागा नव्हती! ज्या लेखिकेनें त्याला पुढें आणलें, त्या जून मॅथिस हिनें आपल्या कुटुंबासाठीं घेतलेला भिंतींतील कोनाडा त्याला तात्पुरता दिला. पुढच्याच वर्षीं तीही वारली. आज दोघेंही शेजारीं शेजारीं आहेत. उसनी जागा कायमची झाली.

तेथें दर वर्षीं २३ ऑगस्टला, त्याच्या मृत्यूच्या घटकेस, म्हणजे दुपारीं १२ वाजून १० मिनिटांनीं स्मरणसभा भरविण्याची प्रथा आहे. पूर्वीं एक काळ्या वेषांतील, बुरखा घेतलेली स्त्री येऊन गुलाब वाहून जात असे. ती कोण, यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरले; तिच्यामागून तो वेष धारण करणाऱ्या अनेकजणी झाल्या. आतां तेथें फुलें घेऊन येणाऱ्यांचा जन्मच मुळीं त्याच्या मरणानंतरचा. ज्याला कधीं पाहिलें नाहीं, ज्याचा आवाज त्याच्या मूकपटांत कधीं ऐकूं आला नाहीं, त्याच्यासाठीं डोळे पुसणारीं हीं माणसें पाहून प्रथम हसूं येतें. क्षणभरानें तें ओसरतें.

मध्यंतरीं या भूमीस अत्यंत वाईट दिवस आले. १९९४ च्या भूकंपानें इमारतींची हानि झाली, व्यवस्था दिवाळखोरींत निघाली, आणि कांहीं कुटुंबांनीं तर आपले मृत नातलग दुसरीकडे हलविले. १९९८ मध्यें नवी मालकी आली, डागडुजी झाली, आणि २००२ पासून उन्हाळ्यांत येथील एका समाधिमंदिराच्या भिंतीवर रात्रीं जुने चित्रपट दाखविण्यास प्रारंभ झाला. लोक हिरवळीवर चटया पसरतात, खाद्यपदार्थ सोडतात आणि ताऱ्यांखालीं चित्र पाहतात. स्मशानांतून परतल्यावर स्नानावांचून घरांत पाऊल न टाकणाऱ्या आपल्यासारख्यांच्या अंगावर हें ऐकून शहाराच यावयाचा. परंतु भिंतीपलीकडे निजलेल्या नटाला याहून गोड श्राद्ध कोणतें, असाही विचार मनांत येतो.

या साऱ्या भूमींत अंतःकरणास सर्वांत अधिक भिडतें तें तळ्याकांठचें हॅटी मॅकडॅनिएल हिचें स्मारक. तिचे आईबाप एकेकाळीं गुलाम होते. ‘गॉन विथ द विंड’ या चित्रपटांतील दाईच्या भूमिकेबद्दल १९४० सालीं तिला ऑस्कर पारितोषिक मिळालें. कृष्णवर्णीयांत हा मान प्रथम तिचा. पण समारंभाच्या त्या रात्रीं सहकाऱ्यांच्या पंक्तीस तिला जागा नव्हती. तिचें मेज भिंतीलगत वेगळें मांडलें होतें. याबद्दल अमेरिकेस नांवें ठेवण्यापूर्वीं, पंक्तिभेद हा शब्द आपल्याच भाषेंतला आहे, हें आपण विसरूं नये. १९५२ मध्यें ती वारली. आपल्याला याच भूमींत पुरावें, अशी इच्छा तिनें मृत्युपत्रांत लिहिली होती. ती केवळ तिच्या वर्णामुळें नाकारण्यांत आली, आणि शहरांतील दुसऱ्या दफनभूमींत तिला विसावा मिळाला. १९९९ सालीं नव्या मालकानें जागा देऊं केली, तेव्हां तिची झोंप आतां मोडूं नये असें नातलगांनीं ठरविलें. म्हणून येथें केवळ दगड उभा आहे; त्याखालीं कांहीं नाहीं.

देह नसलेलें स्मारक आपणां हिंदूंस नवें नाहीं. आपण देह अग्नीस देतों, अस्थि नदीस देतों, आणि मागें उरते ती तिथि. बालगंधर्व १९६७ सालीं गेले. पुढच्याच वर्षीं पुण्यास त्यांच्या नांवाचें रंगमंदिर उघडलें. तेथें जाणारा थडगें शोधीत नाहीं. पडदा वर जाण्याची वाट पाहतो. हॅटीच्या दगडापाशींही असेंच होतें. तिच्या अस्थि शहराच्या दुसऱ्या भागांत आहेत हें ठाऊक असलेलीं माणसें येथें येऊन उभीं राहतात, क्षणभर मान लववितात. जिला या फाटकानें एकदां परत पाठविलें, तिच्या भेटीसाठीं तीं त्याच फाटकांतून आंत आलेलीं असतात.