बक्षीस न मिळालेला मुलगा

जूनमध्ये शाळा उघडली की आपल्या घरोघरी कार्यक्रमांचीही रांग लागते. 15 ऑगस्टची प्रभातफेरी, 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन, 7 नोव्हेंबरला विद्यार्थी दिवसाच्या निबंध व वक्तृत्व स्पर्धा, 26 नोव्हेंबरला संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन, मग स्नेहसंमेलन, 3 जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती आणि 26 जानेवारी. प्रत्येक वेळी लेकरू दप्तर टाकता टाकता म्हणते, "पप्पा, भाषण लिहून द्या ना." आणि आपण लिहून देतो. मीही देत आलो. त्याबद्दलच आज मन मोकळे करतो.

मी शाळेत असताना स्नेहसंमेलनात माझे काम ठरलेले असे, पडदा ओढायचे. नाचाच्या ड्रेसला भाडे पडायचे आणि वडील तर गवंड्याच्या हाताखाली कामाला. पाच वर्षे मी दोरी धरून उभा राहिलो. सगळ्या नाटुकल्यांचे संवाद मला पाठ होते. रंगमंचाच्या मधोमध मात्र एकदाही उभा राहिलो नाही.

ज्या शहरात हे घडले, त्याच आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, 1955 मध्ये मिलिंद महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' नाटक रंगमंचावर आणले होते. ज्यांना समाजाने कधी बोलू दिले नाही, त्यांची मुले नागसेनवनात उभी राहून बोलली! विद्यार्थ्याला मिळालेला रंगमंच ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको.

म्हणूनच नोकरी लागल्यावर वस्तीतल्या चार मित्रांना घेऊन आम्ही विहारात 7 नोव्हेंबरची वक्तृत्व स्पर्धा सुरू केली. 1900 साली याच दिवशी बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, इंग्रजी पहिलीत पाऊल ठेवले. राज्य शासनाने 2017 मध्ये हा दिवस शाळा-महाविद्यालयांतून 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळण्याचे ठरविले.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सहावीतला एक मुलगा बोलायला उभा राहिला. हातात कागद नव्हता. म्हणाला, "माझी आई बांधकामावर जाते. रात्री मी अभ्यास करतो तेव्हा ती जवळ बसते. तिला वाचता येत नाही, पण मी पान उलटलं नाही तर तिला कळतं." एवढे बोलून तो अडखळला आणि खाली बसला. मिनिटभरही झाले नसेल.

परीक्षकांत मी होतो. पाठांतर, हावभाव, वेळ यांचे गुण मांडले. बी.कॉम.चा माणूस, बेरीज चोख केली. पहिले बक्षीस माझ्याच मुलीला मिळाले, मीच लिहून दिलेल्या भाषणाला! टाळ्या पडल्या, फोटो निघाला, सुखाने घरी गेलो.

पुढच्या वर्षी तो मुलगा आला नाही. मी घरी गेलो. त्याची आई म्हणाली, "भाऊ, त्याला काही नीट बोलता येत न्हाई म्हणतो. तुमच्याच कार्यक्रमात कळलं म्हणे त्याला." मला उत्तर सुचले नाही. चहा घेतला आणि परत आलो.

वाचक हो, बाबासाहेबांनी स्वतःच्या आयुष्यातला एक प्रसंग लिहून ठेवला आहे. ते इंग्रजी चौथी पास झाले तेव्हा समाजाच्या लोकांनी सत्कार करायचे ठरविले. वडील रामजीबाबांनी साफ नकार दिला. पोराच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे. शेवटी दादा केळुसकरांनी त्यांना राजी केले, आणि सभेत आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले. ते वाचून आपण फार प्रभावित झालो, असे बाबासाहेब सांगतात. त्या वाटेने पुढे काय घडले, हे आपण 1956 साली नागपुरात पाहिले.

बापाची भीतीही खरी होती आणि केळुसकरांची भेटही खरी होती. सत्काराने डोक्यात हवा जाऊ शकते आणि त्याच सत्कारातून आयुष्याला दिशाही मिळू शकते. हातात काय दिले, यावर ते ठरते. आपण सोनेरी रंगाचा प्लास्टिकचा करंडक देतो. तो टीव्हीवर धूळ खात बसतो.

गेल्या वर्षीपासून आम्ही नियम बदलले. पहिला, दुसरा, तिसरा असा क्रमांकच नाही. भाषण आई-बापाने लिहून द्यायचे नाही. कागद पाहून बोलले तरी चालेल, पण शब्द लेकराचे हवेत. वेशभूषा नाही, म्हणजे भाड्याचा प्रश्न नाही. आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाला एक पुस्तक. करंडक, हारतुरे आणि बॅनरचे पैसे वाचले, त्यांत पुस्तके बसली. काही पालक रुसले. "नंबरच नाही तर मुलं येतील कशाला?" म्हणाले. माझी मुलगीही दोन दिवस फुगून होती. मग तिने आपल्या आजीवर स्वतः सात-आठ वाक्ये लिहिली. दोनदा चुकली, पण पुन्हा सुरुवात करून बोलली.

तो मुलगा आईबरोबर आला होता. मागच्या रांगेत बसला. नाव पुकारले तेव्हा मान हलवून नाही म्हणाला. मी आग्रह केला नाही. जाताना मात्र पुस्तकांच्या टेबलाशी बराच वेळ थांबला, चार पुस्तके चाळली आणि एक घेऊन गेला.

येत्या 7 नोव्हेंबरलाही त्याचे नाव यादीत असणार आहे. तो बोलेल न बोलेल, त्याची जागा राखलेली आहे.

जयभीम!