चोवीस हरकती

वडिलांनी मला रेल्वे लाईन्समधल्या काकांकडे धाडलं ते इंग्रजीसाठी. वडील मिलमध्ये जॉबर. सोलापूरच्या गिरण्यांचं पुढं काही खरं नाही, पोरीला इंग्रजी आलं तर कुठंही चिकटेल, एवढाच त्यांचा हिशोब. काका रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. फी घेत नसत, आणि शुक्रवारच्या दिवेलागणीपासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत शिकवत नसत. गल्लीत कुणी त्यांना पारशी समजे, कुणी ख्रिश्चन. ते होते बेने इस्राएल, मूळचे अलिबागकडचे. आडनाव गावावरून पडलेलं, घरात बोलणं मराठीच. काकूंच्या गळ्यात मंगळसूत्र असे. शुक्रवारी त्या काचेच्या पेल्यात पाण्यावर तेल ओतून वात लावत, आणि काळ्या मनुका भिजवून, कोळून केलेल्या शरबताचा पेला हातात घेऊन काका प्रार्थना म्हणत.

इंग्रजी आलं, त्यावर नोकरीही लागली. पण मी त्यांचं देणं लागते ते त्यांनी मला वाचायला कसं बसवलं त्याबद्दल.

टेबलाच्या दोन बाजूंना दोघं, मध्ये एकच पुस्तक. एकानं एक वाक्य मोठ्यानं वाचायचं आणि थांबायचं. दुसऱ्यानं ते वाक्य मोडता येतं का ते बघायचं. ज्यूंच्या येशिवांमध्ये, म्हणजे पाठशाळांमध्ये, अभ्यास असाच जोडीनं चालतो. जोडीला हेव्रुता म्हणतात, आणि तिथं भाजी मंडईसारखा गलका असतो. मी "हो काका" म्हटलं की काका पेन्सिल खाली ठेवत. "बाय, हो म्हणायला मला खिडकी पुरे. बोल, यात खोट कुठंय?"

पुस्तक म्हणजे लंडनच्या सोन्सिनो प्रकाशनाचा एक जाडजूड खंड. बाबिलोनी तालमुदाच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मशास्त्रावरच्या चर्चांच्या महाग्रंथाच्या, 'बाबा मेत्सिया' या भागाचं इंग्रजी भाषांतर. मुलीला इंग्रजी शिकवायला कुणी असलं पुस्तक काढील का? काकांनी काढलं, कारण त्यांची सगळी नोकरी त्यात होती. सापडलेली वस्तू, ठेव, उसनवारी, भाडं, मजुरी. बेवारस पार्सलांचं काय करायचं याचा ऊहापोह दीड-दोन हजार वर्षांपूर्वी रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, केलाय, हे सांगताना त्यांचा चेहरा फुलायचा. विखुरलेली नाणी सापडली तर सापडणाऱ्याची. पण वस्तूवर ओळखीची खूण असेल तर दवंडी पिटून मालक शोधला पाहिजे. "आमच्या पार्सल ऑफिसात हे नियम टांगले असते तर!" असं म्हणून ते हसत.

सुरुवातच एका भांडणानं होते. दोन माणसं एक वस्त्र धरून उभी. हा म्हणतो मला सापडलं, तो म्हणतो मला. हा म्हणतो सगळं माझं, तोही तेच. निकाल असा की दोघांनी शपथ घ्यायची आणि वाटून घ्यायचं. काकांनी वस्त्राच्या जागी सोलापुरी चादर घातली आणि तिचं एक टोक खरोखरच माझ्या हातात दिलं. मी जॉबरची पोर. चादर मधून फाडली तर दोघांच्या हाती चिंध्याच येतील, हे पहिलं माझ्या तोंडून निघालं. काका खूश. म्हणजे वाटायची ती किंमत, हे ठरलं. मग त्यांनी शपथेवर बोट ठेवलं. शपथ अशी की यात माझा वाटा आहे आणि तो निम्म्याहून कमी नाही. सरळ 'सगळी माझी' अशी शपथ का नाही? कारण मिळणार निम्मी, मग शपथ आणि निकाल यांचा मेळ बसत नाही. मग 'निम्मी माझी' अशी? तर आत्ताच सगळी माझी म्हणाला होतास, आपल्याच तोंडानं दावा सोडलास. त्यापुढं आणखी एक पायरी. एक म्हणतो सगळी माझी, दुसरा म्हणतो निम्मी माझी. तर पहिल्याला पाऊण, दुसऱ्याला पाव, कारण एका निम्म्याबद्दल तंटाच नाही. तंटा उरलेल्या निम्म्याचा, तेवढंच वाटायचं. त्या संध्याकाळी दीड पानसुद्धा झालं नाही. चादर मात्र काकूंनी ओढून नेली.

वडिलांना आधी हे सगळं रिकामटेकडं वाटलं. मग एकदा मी त्यांना मजुरांबद्दलचा भाग सांगितला. मजूर लावला आणि त्याला लवकर ये, उशिरापर्यंत थांब असं म्हटलं, पण त्या गावची तशी रीत नसेल, तर मालकाला सक्ती करता येत नाही. जिथं जेवण द्यायची रीत आहे तिथं जेवण दिलंच पाहिजे. वडिलांनी चहाची बशी खाली ठेवली. "हे आमच्या मालकाला कुणी वाचून दाखवलं न्हाई वाटतं," म्हणाले. त्यानंतर इंग्रजी कुठवर आलं असं त्यांनी विचारलं नाही. आज काय भांडलात, हे विचारत.

हे सगळं काका लहानपणीच शिकले असणार, असा माझा समज होता. त्यांनी तो लगेच काढला. "आमच्याकडे तालमूद नव्हताच, बाय." त्यांच्या परंपरेप्रमाणे पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं, त्यातून वाचलेली सात जोडपी कोकणात राहिली. हाती ग्रंथ नाही, हिब्रू विसरलेली. उरलं काय, तर शनिवारची सुटी, मुलांची सुंता, खवलं आणि पर असलेलेच मासे खाणं आणि एक छोटी प्रार्थना. तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून गावानं 'शनिवार तेली' म्हटलं. ग्रंथ आले ते पुष्कळ उशिरा, वेगवेगळ्या दारांनी. कोचीनच्या ज्यूंनी शिकवलं. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सननं १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं. त्याचा हेतू वेगळा होता, पण यांनी त्यातून हिब्रू तेवढी उचलली. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली, १८७४ मध्ये पुण्यात. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनांची पुस्तकं मराठीत आणली. आणि १८८० च्या सुमारास काहींनी हरदासी कीर्तन उचललं: अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं ओव्यांत आणि साक्या-दिंड्यांत. मला यातला हा भाग सगळ्यांत भावतो. ग्रंथ नव्यानं हाती आले आणि ते ऐकवायला त्यांना नारदाची गादीच सोयीची वाटली!

काकांच्या मनात रब्बींबद्दल निव्वळ भक्तिभाव नव्हता, तो का नव्हता हेही पुढं कळलं. १९६२ मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बींच्या कचेरीनं निर्देश काढले की बेने इस्राएलांचं लग्न बाहेरच्या ज्यूंशी लावण्याआधी त्यांच्या मागच्या पिढ्या तपासाव्यात. तिथं गेलेले मराठी ज्यू जेरुसलेमच्या रस्त्यावर धरणं धरून बसले. १९६४ मध्ये निर्देशांतून त्यांचं नाव काढावं लागलं. काकांचा एक भाऊ त्या धरण्यात होता. "त्यांच्याच पुस्तकात लिहिलंय, अल्पमतसुद्धा नोंदवून ठेवा, उद्या कुणाला त्याचा आधार लागेल," ते म्हणत. "पुस्तक चांगलं आहे. वाचणाऱ्यांवर नजर ठेवायला लागते."

बाबा मेत्सियाच्या चौऱ्याऐंशीव्या पानावर रब्बी योहानन आणि रेश लाकिश यांची गोष्ट आहे. रेश लाकिश आधी दरोडेखोर. योहाननने त्याला अभ्यासाकडे वळवलं, आपली बहीण दिली, शिकवून स्वतःच्या तोडीचा केला. एकदा वाद निघाला की तलवार, सुरी ही हत्यारं पुरी घडली असं कधी धरायचं: भट्टीतून निघाली तेव्हा की पाण्यात विझवली तेव्हा? रेश लाकिशचं म्हणणं वेगळं पडलं. योहानन बोलून गेला की दरोडेखोराला आपल्या हत्यारांची माहिती असायचीच. त्या शब्दानं दोघंही दुखावले, रेश लाकिश अंथरुणाला खिळला आणि गेला. मग शोकात बुडालेल्या योहाननचं मन रमावं म्हणून एलाजार बेन पेदात नावाच्या विद्वानाला त्याच्यासमोर बसवलं. योहानन काही बोलला की हा म्हणे, तुमच्या म्हणण्याला आधार आहे. योहानन चिडला. रेश लाकिश माझ्या प्रत्येक वाक्यावर चोवीस हरकती घ्यायचा, मी चोवीस उत्तरं द्यायचो, त्यातून विषय मोकळा व्हायचा. माझं बरोबर आहे हे मला ठाऊक नाही का? कपडे फाडत, हाका मारत तो फिरत राहिला आणि त्याचं डोकं फिरलं.

हे वाचताना काकांचा आवाज जड व्हायचा. माझा नाही झाला. मध्ये एक बाई येऊन जाते तिकडं माझं लक्ष. रेश लाकिशची बायको, म्हणजे योहाननची सख्खी बहीण, नवरा आजारी असताना रडत भावाकडे येते. माझ्या लेकरांकडे बघ, माझ्या वैधव्याकडे बघ. भाऊ तिला शास्त्रवचनं ऐकवतो: अनाथांना देव बघतो, विधवांनी देवावर भरवसा ठेवावा. मी म्हटलं, चोवीस हरकतींना उत्तर देणाऱ्या माणसाला बहिणीच्या एका विनवणीला धड उत्तर देता आलं नाही, आणि तुम्ही त्याच्यासाठी रडता?

काका म्हणाले, रब्बींनी ती बाई गोष्टीत ठेवली. वगळली असती तर कुणाला कळलं असतं? मी म्हटलं, ठेवली, पण नाव नाही दिलं. ते म्हणाले, उद्या बोलू.

ते उद्या पुढं बरंच लांबलं. काका मुलाकडे इस्राएलमध्ये अशदोदला गेले तरी पत्रांतून चालूच राहिलं. जाताना तो खंड मला देऊन गेले. वर्गात मी मुलांना जोडीनं बसवते. सहकाऱ्यांना तो गोंधळ वाटतो, वाटू दे. हल्ली रविवारी सकाळी उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई माझ्याकडे येतात, आम्ही दोघी बाबा मेत्सिया वाचतो. त्यांनी काकांची बाजू उचलली आहे. काकांच्या शेवटच्या पत्रात होतं की योहानन बहिणीशी कठोर वागला हे त्यांना आता पटतं, पण त्याला वेड लागलं त्यात बहिणीचं रडणंही होतं असं वाचता येईल. बाई म्हणतात, येईल. माझं म्हणणं, तसं एकही अक्षर पानावर नाही. असेल तर दाखवा.